जलसंजीवनी : मापाचे आणि सचोटीचे औषध

चातुर्मासाला प्रारंभ होतो, तेव्हा खानदेशात पावसाने जोर धरलेला असतो. शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला तापी आणि मधून वाहणारी अरुणावती. डोंगरउतारावरून येणारे पहिले लोंढे उन्हाळाभर साचलेली घाण झऱ्यांत, नाल्यांत आणि उघड्या विहिरींत वाहून आणतात. पाठोपाठ पाड्यापाड्यांतून लहान मुलांच्या हगवणीच्या तक्रारी सुरू होतात. शहरातील घरी ही दोन दिवसांची किरकोळ कुरबुर ठरते. डोंगरातील पाड्यावर, जेथून आरोग्य केंद्र काही कोसांवर आहे आणि आईबापांचा दिवस मजुरीत जातो, तेथे तीच कुरबुर मुलाच्या जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील माहितीनुसार अतिसाराने जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार बालके दगावतात. हे मृत्यू प्रामुख्याने आफ्रिका आणि दक्षिण आशियातील गरीब वस्त्यांत होतात. यातील खेदाची गोष्ट अशी की, या रोगावरील उपाय दुर्मीळ नाही, महागही नाही. त्यातील मुख्य जिन्नस प्रत्येक किराणा दुकानाच्या फळीवर आहेत : साखर, मीठ आणि सोबत पाणी. उणीव आहे ती योग्य मापाची आणि खऱ्या माहितीची. माप आणि सचोटी या दोन्ही गोष्टी व्यापारी घराण्यांच्या परंपरेतील असल्याने हा विषय केवळ डॉक्टरांचा राहत नाही.

जंतूपेक्षा पाण्याची तूट घातक

लहान बाळाच्या शरीराचा सुमारे सत्तर टक्के भाग पाण्याचा असतो. जुलाब आणि ओकाऱ्या सुरू झाल्या की पाण्याबरोबर क्षारही झपाट्याने बाहेर पडतात. बहुतेक वेळा रोग आपल्या पायांनी निघून जातो. पण तो जाण्यापूर्वी शरीरातील पाणी इतके घटते की रक्ताभिसरण मंदावते आणि बालक गळून जाते. म्हणून साध्या अतिसारात जंतू मारण्याच्या घाईपेक्षा गेलेले पाणी भरून काढणे अधिक तातडीचे असते.

येथेच एक जुना समज आड येतो. जुलाब होत असताना पाणी पाजले तर जुलाब वाढतील, अन्न दिले तर पोट बिघडेल, असे समजून मुलाला उपाशी आणि तहानलेले ठेवले जाते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, खर्च चालू असताना जमा बंद केली जाते. अशा वहीचा शेवट काय होणार हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र नुसते पाणी पाजूनही ही तूट पुरती भरत नाही. आजारी आतड्याला पाणी शोषून घेण्यासाठी मिठाचा आधार लागतो, आणि मिठाला साखरेचा. मिठाला एकट्याने उधारी मिळत नाही, असे समजावे. ग्लुकोज जामीन राहिले की आतड्याची भिंत मीठ आत घेते आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी शिरते. अतिसारातही हे दार बहुधा उघडे राहते. १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हे रहस्य उलगडले आणि त्यातून तोंडावाटे देण्याच्या क्षार-द्रावणाचा, म्हणजेच ओआरएसचा जन्म झाला. महाराष्ट्रात त्यालाच 'जलसंजीवनी' हे अन्वर्थक नाव लाभले.

बनगावची छावणी

या द्रावणाची खरी कसोटी भारतातच लागली. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ पसरली. रुग्णालयाच्या दोन खोल्या रुग्णांनी भरून गेल्या. माणसे जमिनीवर पडून होती. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते आणि ते टोचणारे प्रशिक्षित हातही अपुरे होते. तेथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण कोलकात्यात तोलले गेले, पॉलिथिनच्या पिशव्यांत भरले गेले आणि छावणीत पाठवले गेले. तेथे ते पिंपांतील पाण्यात विरघळवून पेल्यांनी रुग्णांना पाजण्यात आले. पाजणारे होते रुग्णांचेच नातलग.

छावणीत पूर्वी सुमारे तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखालील रुग्णांत चार टक्क्यांच्याही खाली आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाची गणना विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्यांच्या कार्याने एक गोष्ट सिद्ध केली : योग्य माप आणि योग्य सूचना मिळाली, तर मुलाची आईच त्याची पहिली परिचारिका होऊ शकते.

पुढे बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत सुमारे सव्वा कोटी घरांत जाऊन मातांना हेच शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे ते घरगुती माप होते. शिकवणाऱ्या स्त्रियांचा मोबदला किती घरे फिरल्या यावर ठरत नसे; मातांच्या किती ध्यानात राहिले हे नंतर तपासून तो ठरवला जाई. दान किती दिले यापेक्षा ते किती पोहोचले, हे पाहण्याचा असा वस्तुपाठ सेवाभावी संस्थांसाठी आजही उपयोगी आहे.

माप चुकले तर

जलसंजीवनीचे सारे बळ तिच्या मापात आहे. आज प्रमाणित असलेल्या एक लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असे एकूण २०.५ ग्रॅम क्षारमिश्रण असते. ते पाणी कमी घेऊन दाट केले तर मीठ घातक प्रमाणात वाढते. पाणी जास्त घेतले तर उपयोग घटतो. बाजारात एक लिटरचे आणि २०० मिलिलिटरचे अशी दोन्ही पाकिटे मिळत असल्याने पाकिटावरील माप वाचणे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते सांगणे, अत्यावश्यक ठरते. पाकीट अर्धे आज व अर्धे उद्या असे वापरू नये. एकदाच पूर्ण विरघळवावे आणि उरलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घरीच द्रावण करता येते. मीठ घातलेली भाताची पेज व ताक हेही उपयोगी पडते. दोन वर्षांखालील बालकाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप आणि त्यापुढील मुलाला अर्धा ते एक कप द्रावण द्यावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. आईचे दूध बंद करू नये. खाणाऱ्या मुलाचे जेवणही चालू ठेवावे. जोडीला जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात : सहा महिन्यांखालील बालकाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी या गोळ्या पूर्ण कराव्यात.

डोळे खोल गेले, बाळाची टाळू बसली, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली गेली, लघवी कमी झाली, बालक सुस्त पडले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. वाटेतही द्रावण चमच्याने पाजत राहावे.

देशाने या बाबतीत प्रगती केली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जुलाब झालेल्या बालकांपैकी ओआरएस मिळालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे २६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ६१ टक्क्यांवर पोहोचले. झिंक मात्र तिसऱ्या हिश्श्यालाही मिळाले नव्हते. म्हणजे, पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालेला आणि सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळणारा उपाय अजूनही दर दहांपैकी चार बालकांपर्यंत पोहोचत नव्हता.

नावाचा फसवा व्यवहार

या चौघांच्या वाटेत अज्ञान आहे, अंतर आहे आणि काही काळ बाजारानेही एक अडथळा उभा केला होता. काही गोड पेये 'ओआरएस' ही अक्षरे नावात मिरवत औषधी दुकानांतून विकली जात. त्यांतील साखर प्रमाणित द्रावणाहून बरीच अधिक. आतड्यात साखर जास्त झाली की ती शरीरातील पाणी उलट आपल्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. औषध समजून घेतलेली वस्तूच रोगाला खतपाणी घालते.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या प्रकाराविरुद्ध अनेक वर्षे नेटाने लढा दिला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढून खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्याची पूर्वी दिलेली मुभा रद्द केली.

कायदा आज जे सांगतो, ते श्रावकाच्या आचारात फार पूर्वीपासून सांगितले आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे मापात कमी-अधिक करणे, आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे अस्सलाच्या जागी तत्सम दिसणारी वस्तू खपवणे, या दोन दोषांचा समावेश आहे. धान्यात खडा मिसळला तर गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात. औषधाच्या नावाने सरबत दिले तर त्याचे मूल बुडते. जलसंजीवनीच्या बाबतीत हे दोन्ही अतिचार थेट जिवाशी भिडतात.

पाणी आधी, औषध नंतर

अतिसाराचे मूळ पाण्यात, हातांत आणि उघड्यावरील घाणीत आहे. स्वच्छतेसाठी आधी पाणी पुरेसे असावे लागते. घागरभर पाण्यासाठी पायपीट करणारी आई ते हात धुण्यावर खर्च करीत नाही. या दृष्टीने शिरपूरच्या जलसंधारणाकडे पाहण्याजोगे आहे. तापीखोऱ्यातील गाळाच्या जमिनीत चिकणमातीचे थर पाणी खोल मुरू देत नाहीत. हे ओळखून निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची मालिका उभारण्याचे काम हाती घेतले. आमदार अमरीशभाई पटेल यांचे पाठबळ आणि प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीचे आर्थिक साहाय्य त्यामागे होते. कोरड्या विहिरींना पाणी आले आणि 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर चर्चिला गेला. त्याकडे शेतीचे काम म्हणून पाहिले जाते. पण गावाजवळ आलेले पाणी हे आरोग्याचेही भांडवल असते. ते शुद्ध राखले, तरच.

पाणी गाळून आणि उकळून पिण्याची शिस्त जैन घरांत जीवदयेतून आली. आरोग्यशास्त्र दुसऱ्या वाटेने तेथेच पोहोचले. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळून पाहिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले. तरी गाळण्याने सर्व जंतू जात नाहीत. त्यासाठी उकळणेच खात्रीचे. याखेरीज रोटाव्हायरस या विषाणूवरील लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. ती बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात विनामूल्य दिली जाते. घरकामाला येणाऱ्या बाईच्या आणि दुकानातील नोकराच्या बाळाला ती मिळाली का, एवढे विचारणेही मोलाचे आहे.

गल्ल्यावरचा पहिला दवाखाना

सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल कुटुंबे मीठ, तेल, कपडा घेण्यासाठी बोराडी, सांगवी, पळासनेर आणि शिरपूरच्या बाजारात येतात. मुलाला बरे नसेल तर अनेकदा पहिला प्रश्न दुकानदारालाच विचारला जातो, कारण तो ओळखीचा असतो आणि त्याच्याकडे रांग नसते. त्या क्षणी गल्ल्यावरचा माणूस काय उत्तर देतो, यावर पुष्कळ काही ठरते. रंगीत सरबताची बाटली पुढे केली तर चार पैसे सुटतात. पाकीट कोठे मिळेल, ते किती पाण्यात घालावे आणि आशा ताईकडे ते फुकट मिळते, एवढे सांगितले तर कदाचित एक जीव वाचतो.

यासाठी मोठा निधी लागत नाही. औषधविक्रेत्याने प्रमाणित पाकीटच द्यावे आणि देताना माप तोंडी सांगावे. किराणा दुकानात साखर-मीठ-पाण्याचे प्रमाण चित्रासह, शक्य असल्यास पावरी आणि अहिराणी बोलीतूनही, लावावे. चातुर्मासात दानाचा संकल्प करणाऱ्या मंडळांनी वाटपाच्या पिशवीत एक लिटरचे खूण केलेले भांडे व चहाचा चमचा ठेवावा आणि घेणाऱ्या मातेकडून एकदा द्रावण करवून पाहावे. प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी विचारून हे काम केले तर ते अधिक नेमके होईल.

दुकान वाढवताना व्यापारी दिवसाचा हिशेब मिळवतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या हिशेबात आणखी एक नोंद असावी : आज किती जणांना माप नीट सांगितले. ती रक्कम वहीत दिसणार नाही. एखाद्या पाड्यावर रांगणाऱ्या मुलाच्या रूपाने ती जमेत राहील.