नेटवर्किंग म्हणजे केबल टाकणे नव्हे

कुसगाव बुद्रुकच्या सिंहगड इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला नेटवर्किंगचा विषय असतो. घरच्यांना वाटते, पोरगा केबल टाकायला आणि राउटर बसवायला शिकतो आहे. पोराला वाटते, नेटवर्कचे काम सात थरांत वाटून दाखवणाऱ्या ओएसआय आकृतीचे थर पाठ केले की पेपर निघाला. दोघांचीही गफलत एकाच जातीची आहे: तयार वस्तू किंवा तयार आकृती म्हणजेच विषय, असे दोघे धरून चालतात. खरा प्रश्न निराळा आहे. जोडण्या बेभरवशाच्या, यंत्रे एकमेकांना अनोळखी आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा कोणी नाही. तरीही माहिती धडपणे पोचवायची कशी?

केबलचा समज खोडून काढायला १९८६ सालचा एक प्रसंग पुरेसा आहे. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचे अंतर. त्या जोडणीवरचा माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार तुटली नव्हती. वाट तुंबलेली असतानाही संगणक हरवलेली पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि तुंबा वाढवत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात उपाय मांडला, तो पाठवणाऱ्या संगणकाच्या वागण्यात: पाकीट हरवले तर ती गर्दीची खूण समजा आणि हात आखडता घ्या. पाकिटे धडपणे पोचवण्याचे नियम ठरवणाऱ्या टीसीपीचा हा संयम आजही कामी येतो. पदवीच्या वर्गात शिकायचे ते हे.

सात थरांचे म्हणाल, तर इंटरनेट त्या नकाशाबरहुकूम कधी बांधलेच गेले नाही. ओएसआयचे प्रमाण १९८४ चे; इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, टीसीपी-आयपीवर गेले होते, आणि त्यात सेशन व प्रेझेंटेशन असे वेगळे थर नाहीत. मग शिकवायचे कशाला, असा आक्षेप येईल. कारण ती बोलीभाषा आहे. ‘लेयर टू स्विच’ असे आजही कामावर म्हणतात. पण २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक प्रोटोकॉल यूडीपी या साध्या वाहतूक-नियमावर बसून वाहतूक आणि कूटबद्धता एकत्रच गुंफतो. तो कुठल्या थरात बसवायचा, इथे पाठांतरवाला अडतो. थर पाडलेच कशासाठी हे ज्याला उमगले, तो अडत नाही.

तिसरा समज वेगाचा: प्लॅन मोठा घेतला की सगळे झटपट. इथे कुसगावकरांना उदाहरण दाराशीच आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या मार्गिका वाढवल्या तर जास्त गाड्या मावतात; त्याचा खोपोली–कुसगाव ‘मिसिंग लिंक’ हा नवा टप्पा मात्र अंतरच सुमारे सहा किलोमीटरने कमी करण्यासाठी आखला आहे. बँडविड्थ आणि विलंब यांत हाच फरक. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेतच साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. सुरक्षित पान मागवण्याआधी टीसीपीची ओळखपाळख आणि कूटबद्धतेसाठी टीएलएसची चावी, अशा साधारण दोन फेऱ्या होतात. पाव सेकंद तिथेच गेला. कुठलाही प्लॅन तो परत आणून देणार नाही. म्हणून तर कंपन्या मजकुराच्या प्रती मुंबईत आणून ठेवतात.

‘आता सगळे क्लाउडवर, नेटवर्किंग कोणाला लागते?’ हा आक्षेप वरवर वजनदार वाटतो. पण क्लाउडवरही सबनेट पाडावे लागतात, राउटिंग टेबले भरावी लागतात. फक्त डबा डोळ्यांना दिसत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम तासन्‌तास बंद पडले, ते देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले आणि नावावरून पत्ता सांगणारे तिचे डीएनएस सर्व्हर, जाळ्यांना एकमेकांच्या वाटा कळवणाऱ्या बीजीपीच्या नकाशावरून गायब झाले म्हणून. सर्व्हर शाबूत होते, त्यांच्याकडे जाणारी वाट जगाला ठाऊक नव्हती. नेटवर्किंगचे सीसीएनए प्रमाणपत्र नोकरीला उपयोगी आहे, जरूर घ्यावे. मात्र त्यातल्या आज्ञा बव्हंशी एका कंपनीच्या यंत्रांच्या असतात. त्याआधी पाकिटे पाहण्याच्या, फुकट मिळणाऱ्या वायरशार्क या साधनात स्वतःच्या लॅपटॉपची पाकिटे उलगडून पाहावीत. हॅकिंग शिकायला आलेल्यांचा थोडा हिरमोडच होईल: मजकूर बहुतेक कूटबद्ध असतो. कोणत्या पत्त्याशी, केव्हा, किती बोलणे झाले एवढे मात्र उघड दिसते.