आपल्या उंबऱ्याचा फूट

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर, दूध संस्थेच्या कट्ट्यावर, एसटीच्या खिडकीशी एकच प्रश्न ऐकू येतो : "पाणी किती?" उत्तर फुटात आणि इंचात मिळतं. "छत्तीस-चार." एवढं पुरतं. कुठले छत्तीस आणि कसले चार, हे विचारणारा माणूस नक्की परगावचा.

हे आकडे येतात कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरून. पंचगंगेची पातळी तिथल्या पट्टीवर वाचतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पावसाचा जोर असला की तासातासाला आकडा बाहेर पडतो आणि मोबाइलवरून गावोगाव पोचतो. या आकड्याचं पुढे घरात काय होतं, ते मी पाहत आलो आहे. कोण कोणत्या फुटाला उठतो, काय उचलतो, कुठे नेतो. पुराची तयारी म्हणजे बोटी आणि लाइफ जॅकेट अशी आपली समजूत असते. पण खरी तयारी बोट लागण्याच्या आधीच्या त्या चार फुटांतली असते.

तीही पाऊस पडण्याआधीच सुरू होते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला दगडी खांब असतात आणि खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवतात. पावसाळ्याच्या तोंडावर हे बरगे काढावे लागतात. राहिले, तर पुरात वाहून आलेली झाडं-झुडपं त्यांत अडकतात आणि पाणी बाजूच्या रानात घुसून काठ कापतं. मे महिन्याच्या उन्हात घामाघूम होऊन बरगे उपसणाऱ्या मजुरांचं काम कुणाच्या नजरेला येत नाही. माझ्या लेखी पूरनियंत्रणाचं पहिलं काम तेच.

पंचगंगेची गुंतागुंत तिच्या जन्मापासूनची आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती सह्याद्रीच्या माथ्याकडून पाणी घेऊन येतात, आणि प्रयाग चिखलीच्या संगमापासून नदीला पंचगंगा म्हणतात. पाचवी सरस्वती गुप्त, अशी श्रद्धा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात पाऊस कोसळत असतो तेव्हा शहरात कधीकधी नुसती भुरभुर असते. त्यामुळे आपल्या अंगणातला पाऊस पाहून अंदाज बांधणारा हमखास फसतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते माणसाच्या हाताविना उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी भोगावतीत पडतं. "तीन नंबर उघडला" ही बातमी म्हणूनच घराघरात कान टवकारून ऐकतात. दुसरं टोक नृसिंहवाडीला. तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. पाऊस थांबून ऊन पडलं तरी पट्टीवरचा आकडा हलत नाही, तो या फुगवट्यामुळे.

३९ पासून ४३ पर्यंत चार फूट, म्हणजे ४८ इंच. पाणी तासाला इंचभर चढत असेल तर हातात दोन दिवस आहेत. तेच तासाला तीन इंच चढू लागलं तर १६ तास, आणि त्यातली निम्मी रात्र. नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना हा हिशेब शिकवावा लागत नाही. ती आकडा विचारतात आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतात, "मघाशी किती होतं?" मला वाटतं, हा दुसरा प्रश्नच जास्त महत्त्वाचा.

शहरात पाणी नदीच्या बाजूनेच येईल असंही नाही. जयंती नाला कोल्हापुराच्या पोटातून वाहत पंचगंगेला मिळतो. नदी वर चढली की नाल्याला वाट उरत नाही आणि नदीचं पाणी नाल्यातून उलटं आत शिरतं. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्याला पहिला फटका बसतो तो असा, मागच्या दाराने. तिथल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवलं जातं, आणि हे इतक्या पावसाळ्यांत झालं आहे की बायकांच्या हाताला क्रम बसला आहे. आधी कागद : रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, पोरांचे दाखले, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर गाठ. मग औषधं. मग गॅसची टाकी बंद करून नळी काढायची, विजेचा मेन स्विच पाडायचा. टीव्ही आणि मिक्सर माळ्यावर. धान्याचे डबे शेवटी, कारण ते जड आणि मठात जेवण मिळतं. मी एका मावशींना विचारलं, एवढ्या लवकर का निघता, अजून पाणी गल्लीच्या तोंडाशीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "पाणी दिसल्यावर निघालं की माणसं निघत्यात, सामान निघत न्हाई."

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत हा हिशेब आणखी अवघड होतो. पुराचे दिवस आणि गणपतीचे दिवस एकमेकांच्या अंगावर येतात. ऑगस्टच्या सुरुवातीला कारखान्यांत मूर्ती फळ्यांवर खच्चून भरलेल्या असतात : काही रंगवून तयार, काही पांढऱ्या, काही शाडूच्या आणि अजून ओल्या. दमट हवेत शाडू वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेली मूर्ती उचलली की हाताच्या सांध्याला, सोंडेच्या वळणाला बारीक चीर जाते. वाळायला थांबावं तर पाणी, उचलावी तर चीर. प्लास्टरच्या मूर्तीला निदान हलवण्याची भीती नसते. शाडू मात्र न भाजलेली माती आहे, पाण्यात बसली की तिचा पुन्हा चिखल होतो.

म्हणून गल्लीत आकड्याकडे डोळे असतात. मी पाहिलं त्या कारखान्यात एक पोरगा फक्त मोबाइल धरून उभा होता आणि दर थोड्या वेळाने ओरडून पातळी सांगत होता. बाकीचे उचलत होते. मूर्ती उचलायची ती खालून, पाटाला दोन्ही हात घालून. हाताला, प्रभावळीला, सोंडेला हात लावायचा नाही. पाटाखाली पावतीचा नंबर चिकटवलेला, कारण दोनशे मूर्ती एका हॉलमध्ये गेल्या की कुणाची कोणती हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. टेम्पोच्या हौद्यात पिंजर पसरलेली, दोन मूर्तींच्या मध्ये पिंजरीचा पेंढा. आखणी होऊन तयार झालेल्या आणि पैसे येऊन पडलेल्या मूर्ती पहिल्या गाडीत. मोठ्या मंडळाच्या मूर्ती मात्र जागच्या हलत नाहीत, त्यांच्यासाठी आधीपासूनच उंचावरची जागा धरावी लागते. बाकीच्यांना पाहुण्यांचा वरचा मजला, शाळेचा वर्ग, मंगल कार्यालय, जिथे मिळेल तिथे. या जागा पाणी आल्यावर शोधून मिळत नाहीत. शहाणे कारागीर त्या जूनमध्येच ठरवून ठेवतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ही गल्ली आणि बापट कॅम्प दोन्हीकडे पाणी शिरलं आणि मूर्तींचं फार नुकसान झालं. बऱ्याच जणांनी तयारी केलेली होती, पण ती २००५ च्या खुणेपर्यंतची. भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, तिच्या वर फळ्या ठोकल्या होत्या, आणि पाणी रेघ ओलांडून गेलं. नदीकाठच्या गावागावांत हेच घडलं. "पाचच्या पुरात इथवर आलं नव्हतं" हे वाक्य त्या आठवड्यात किती घरांनी उच्चारलं असेल! २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला राजाराम बंधाऱ्याची पट्टी ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळीच्या वर बारा फूट, म्हणजे एक अख्खा मजला. माझं ठाम मत असं झालं आहे की मागच्या महापुराची रेघ ही भरवशाची जागा नव्हे. ती फक्त एवढंच सांगते की पाणी इथवर येऊ शकतं. ते आणखी वर येणार नाही, असं तिने कधीच सांगितलेलं नसतं.

माणसापेक्षाही अवघड काम जनावरांचं. चिखली आणि आंबेवाडी ही नदीच्या कुशीतली गावं. पन्हाळ्याच्या रस्त्याकडे "रेडेडोह फुटला" अशी हाक उठली, की नदीने पात्र सोडलं असं समजायचं, आणि मग रस्ता केव्हा बंद होईल याचा नेम नाही. गावातले लोक सोनतळीच्या माळावर जातात. पण ज्याच्या दावणीला चार म्हशी आहेत तो घर सोडायला शेवटपर्यंत तयार नसतो. धार वेळेवर काढली नाही तर म्हैस आटते, आणि दुधाच्या बिलावर घर चाललेलं असतं. प्रशासनाचा माणूस दारात येऊन "निघा" म्हणतो तेव्हा शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार जनावराचा असतो, आणि तो चुकीचा नाही. चूक असते ती वेळेची.

एका गोठ्यात मी उभा होतो तेव्हा पट्टीवर अजून ४० सुद्धा झाले नव्हते. मालक म्हशी सोडत होता. गाभण म्हैस आणि रेडकं पहिल्या खेपेला, कारण त्यांना पाण्यातून चालवता येत नाही. म्हातारी, माणसाळलेली म्हैस पुढे, तिच्या मागे बाकीच्या आपोआप जातात. वैरणीच्या पेंढ्या आदल्या दिवशीच माळावर पोचल्या होत्या. "जनावर नेलं आणि वैरण ऱ्हायली तर वर जाऊन करायचं काय?" ते मामा म्हणाले. बिल्ले कानाला आहेत का तेही त्यांनी पाहून घेतलं, कारण नुकसानभरपाईला आणि छावणीत ओळख पटवायला तोच पुरावा. आणि शेवटी त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक गोठ्यात पाटीवर लिहून लावण्यासारखं आहे : पाणी अचानक आलंच आणि न्यायला सवड नसेल, तर दावी कापायची. म्हैस पोहते. बांधलेली म्हैस पोहू शकत नाही.

उशीर झाला की काय होतं ते ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसलं. पुरात अडकलेल्यांना नेणारी गावातली बोट उलटली आणि १७ जण बुडाले. त्यांत बायका होत्या, लहान पोरं होती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ज्यांच्या चहूकडे पाणी आहे त्यांना "पुढच्या खेपेला या" असं सांगणं कुणाला जमेल? म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणतो की बोटीची वेळ येऊच नये. जे कुटुंब रस्ता कोरडा असताना ट्रॅक्टरने निघतं, त्याला बोट लागत नाही. रस्त्यावर पाणी आल्यावर मोटारसायकल घालणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. अर्धा फूट वाहतं पाणी उभ्या माणसाचा तोल घालवतं, आणि दीड-दोन फुटांत चारचाकी तरंगू लागते. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, हे वरून दिसत नाही.

पूर आला की एक गोष्ट सगळ्यांत आधी संपते, ती म्हणजे पाणी. २०१९ ला शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रंच बुडाली. चारी बाजूंना समुद्र आणि घरात घोटभर पाणी नाही, अशी गत झाली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि पेट्रोल, दूध, भाजी सगळंच आटलं. तेव्हापासून पूरपट्ट्याच्या बाहेर राहणाऱ्या घरांतही ३९ चा आकडा ऐकला की पिंप भरून ठेवतात. पाणी उकळून पिण्याची सवय आणि विजेचं मीटर वायरमनने तपासल्याशिवाय स्विच चालू न करण्याची शिस्त, ही ओसरत्या पुराची तयारी. गाळाचंही एक शास्त्र आहे. पाणी उतरत असतानाच, त्याच पाण्यात खराट्याने गाळ ढकलत न्यायचा. जमिनीला बसून वाळला की तो कुदळीशिवाय निघत नाही.

आणखी एक बोलायला हवं. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण या रेषांच्या आत भराव टाकून बांधकामं उभी राहत आली आहेत. भराव टाकणाऱ्याचं जोतं उंच होतं आणि त्याच्या वाट्याचं पाणी शेजारच्या जुन्या घरात जातं. गोठ्यातल्या त्या मामांनी कितीही लवकर म्हशी हलवल्या, तरी याला त्यांच्याकडे इलाज नाही. तो ग्रामपंचायतीकडे, महापालिकेकडे आणि घर घेण्याआधी नकाशा मागून पाहणाऱ्या ग्राहकाकडे आहे.

तुम्ही पंचगंगेच्या, कृष्णेच्या किंवा कुठल्याही नदीच्या काठी राहत असाल तर यंदा पावसाआधी एक काम करा. जवळच्या पट्टीवर किती फूट झाले की पाणी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येतं आणि किती झाले की उंबऱ्याला लागतं, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारून घ्या. त्यातून दोन फूट वजा करा. तो आकडा मीटरच्या पेटीवर खडूने नाही, ऑइलपेंटने लिहा. त्याच्या खाली जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक लिहा, आणि कुणाच्या घरी जायचं आहे त्यांचं नावही. पट्टीवर तो आकडा आला की पाऊस थांबलेला असला, ऊन पडलेलं असलं, शेजारी अजून बसून असले, तरी निघा.