पंपाच्या मोटारीचा विद्युत्प्रवाह कसा मोजावा?

भर उन्हाळ्यात उसाला पाण्याची पाळी द्यावयाची असते आणि नेमकी त्याच वेळी विहिरीवरील मोटार जळते. वायंडिंग नव्याने भरून येईपर्यंत पीक सुकू लागते. परंतु पुष्कळदा मोटार एकाएकी जळत नाही; तिच्यातून वाहणारा प्रवाह आधीपासूनच वाढलेला असतो. हा प्रवाह क्लॅम्प मीटरने, म्हणजेच कारागिरांच्या बोलीतील टाँग टेस्टरने, वेळीच मोजल्यास पुढील हानी टाळता येते.

तारेतून प्रवाह वाहू लागला म्हणजे तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. मीटरचा जबडा त्यावरून प्रवाह किती अँपियर आहे ते दाखवितो. त्यासाठी तार तोडावी किंवा सोडावी लागत नाही. मात्र जबड्यात एका वेळी एकच तार घ्यावी. तिन्ही फेजच्या तारा असलेली अखंड केबल जबड्यात धरल्यास तिन्ही क्षेत्रे एकमेकांना मारक ठरतात व मोटार चालू असूनही आकडा शून्याजवळ दिसतो. एक फेजच्या पंपावरही दोहोंपैकी एकच तार घ्यावी.

मोजण्याची रीत येणेप्रमाणे आहे:

१. हात व पाय कोरडे असावेत. उघड्या तारेस जबडा लावू नये. स्टार्टरची पेटी उघडणे आवश्यक असल्यास ते काम जाणत्या वायरमनकडूनच करवावे.

२. मीटरची चकती ए.सी. अँपियरवर, प्रथम मोठ्या मापावर ठेवावी.

३. मोटार सुरू होताना प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असतो. म्हणून मोटारीने वेग घेऊन पाणी नियमित पडू लागल्यावरच आकडा घ्यावा.

४. स्टार्टरकडे येणारी एकेक तार जबड्याच्या मध्यभागी घेऊन जबडा पूर्ण मिटवावा. तिन्ही आकडे व त्याच वेळचा विजेचा दाब वहीत लिहावा.

हे आकडे मोटारीवरील पट्टीशी ताडून पाहावेत. पाच अश्वशक्तीच्या, ४१५ व्होल्टच्या मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारणतः ७.५ अँपियरच्या आसपास असतो; तथापि पट्टीवरील आकडाच प्रमाण मानावा. तिन्ही आकडे जास्त असल्यास दाब कमी आहे किंवा पंप जड फिरत आहे असा संशय घ्यावा. तिन्ही बरेच कमी असल्यास पंप पुरेसे पाणी ओढत नसावा. एका तारेवर शून्य आल्यास मोटार तत्काळ बंद करावी. दोन फेजवर चालणारी मोटार लवकर जळते.

तिन्ही आकड्यांतील तफावतही पाहावी. समजा, ते ७.२, ७.५ व ८.४ आहेत. सरासरी ७.७ झाली. सरासरीपासून सर्वांत मोठे अंतर ०.७, म्हणजे सुमारे ९ टक्के आहे. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीत ही तफावत ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. अधिक आढळल्यास वायरमनकडून वीज बंद करून मोटारीच्या तिन्ही तारा स्टार्टरवर त्याच क्रमाने एकेक जागा पुढे सरकवून घ्याव्यात व पुन्हा मोजावे. मोठा आकडा पूर्वीच्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात, आणि मोटारीच्या तारेबरोबर सरकला तर केबलमध्ये किंवा मोटारीत आहे, असे समजावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत प्रत्यक्ष विहिरीवर करून दाखवावी. शेतकरी बंधूंनी मोटार सुस्थितीत असतानाच पहिली नोंद करून ठेवावी. पुढील प्रत्येक हंगामात तीच नोंद तुलनेस उपयोगी पडेल.