‘कसं काय?’ याचं माप कसं काढायचं?

मुलांनो, ताप मोजायला थर्मामीटर आहे, वजनाला काटा आहे, उंचीसाठी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. पण एखाद्या मुलाचं एकंदर कसं चाललंय, हे मोजायचं असेल तर? ‘कसा आहेस?’ असं कुणी विचारलं की आपण ‘बरा आहे’ म्हणून मोकळे होतो. पाहुण्यांसमोर तर हमखास! त्या ‘बरा आहे’च्या आत काय दडलंय, हे शोधून काढायचंही एक शास्त्र आहे बरं का! एचआयव्हीसोबत वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते फार उपयोगी पडतं. हा लेख आई-बाबांनाही वाचायला द्या.

आधी थोडी उजळणी. एचआयव्ही हा विषाणू शरीराच्या रक्षक पेशींवरच हल्ला करतो. मुलांना तो बहुतेक वेळा आईकडून मिळतो. गरोदरपणात, जन्माच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून. आईनं वेळेवर औषधं घेतली तर ही शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते. एकत्र खेळल्यानं, एका डब्यातलं खाल्ल्यानं किंवा डास चावल्यानं तो होत नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाणारे असतातच! २०२३ साली जगात १५ वर्षांखालची सुमारे १४ लाख मुलं एचआयव्हीसोबत जगत होती.

१९९६ च्या सुमारास अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटलं. भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. ती रोज न चुकता घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की तपासणीत सापडतसुद्धा नाही. आधी डॉक्टर विचारत, ‘हे मूल जगेल का?’ आता प्रश्न आला, ‘ते कसं जगतंय?’ आणि याचं उत्तर रक्ताच्या बाटलीत नसतं. रक्त काही शाळेत जात नाही, त्याला मित्रही नसतात!

जेम्स वार्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचं नाव ‘पेड्सक्यूएल’. तिच्या चौथ्या आवृत्तीत २३ प्रश्न आहेत. ८ शरीराबद्दल, ५ मनाबद्दल, ५ मित्रमंडळींबद्दल आणि ५ शाळेबद्दल. धावताना त्रास होतो का, झोप लागते का, इतर मुलं चिडवतात का, दवाखान्यापायी शाळा बुडते का, असे अगदी साधे. गेल्या महिन्यात ही अडचण किती वेळा आली, ते सांगायचं. ‘कधीच नाही’ म्हटलं तर १००, ‘जवळजवळ कधीच नाही’ला ७५, ‘कधीकधी’ला ५०, ‘बरेचदा’ला २५ आणि ‘जवळजवळ नेहमी’ला शून्य. पाच ते सात वर्षांच्या चिमुरड्यांना प्रश्न वाचून दाखवतात आणि त्यांनी हसऱ्या, मधल्या किंवा रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं.

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, सातवीतली एक मुलगी आहे. शरीराच्या आठ प्रश्नांत तिला मिळाले ७५०, मनाच्या पाचांत २५०, मित्रांच्या पाचांत ३०० आणि शाळेच्या पाचांत २७५. बेरीज १५७५, भागिले २३, म्हणजे साधारण ६८. तुम्ही म्हणाल, ‘वा, फर्स्ट क्लास!’ थांबा. आता विभाग वेगळे करून बघा. शरीर जवळजवळ ९४, शाळा ५५, आणि मन फक्त ५०. ती धावते, सायकल चालवते, तिचा रक्ताचा अहवालही उत्तम असेल. पण मनाच्या पाच प्रश्नांत एक असतो, ‘आपलं पुढे काय होईल याची काळजी वाटते का?’ तिथं तिनं लिहिलंय, ‘जवळजवळ नेहमी’. म्हणजे भोपळा. नुसत्या ६८ कडे पाहणाऱ्याला तो दिसणारच नाही.

याहून अवघड गंमत पुढे आहे. (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही खरं तर.) ‘मुलं चिडवतात का?’ या प्रश्नाला एखादा मुलगा ‘कधीच नाही’ म्हणून १०० मिळवतो. का? तर त्याला एचआयव्ही आहे हे वर्गात कुणाला माहीतच नाही! तो गोळ्या लपवून घेतो, सहलीला मुक्कामी जायचं टाळतो, दर वेळी दवाखान्यासाठी नवं कारण शोधतो. त्या १०० ची किंमत तो दुसरीकडे मोजत असतो. म्हणून जाणकार आकडा बघून थांबत नाहीत, मुलाशी बोलतात.

आणि काही मुलांना तर स्वतःलाच माहीत नसतं. घरचे सांगतात, ‘ही ताकदीची गोळी आहे.’ शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांना त्यांना समजेल अशा शब्दांत खरं सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली सुचवलं. पण घरात ते बोलणं सोपं नसतं. आईलाच हा आजार असेल तर आणखी कठीण. या २३ प्रश्नांत आजाराचं नाव कुठेच येत नाही, त्यामुळे ते अशा मुलालाही विचारता येतात.

हेच प्रश्न पालकांनाही वेगळे विचारतात. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. धावणं, जेवणं, आंघोळ यांबद्दल आई आणि मूल यांचं बरंच जुळतं. मनातल्या भीतीबद्दल मात्र बरेचदा जुळत नाही. मग खरं कुणाचं? मला विचाराल तर आधी मुलाचं ऐकावं.

भाषांतराचीही एक डोकेदुखी असते. मूळ प्रश्नावलीत विचारलंय, एका ‘ब्लॉक’पेक्षा जास्त चालणं जड जातं का? अमेरिकेतल्या शहरांत ब्लॉक म्हणजे दोन चौकांमधलं अंतर. आपल्याकडे ब्लॉक म्हणजे फ्लॅट! स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चालणं कुणाला जड जाणार? म्हणून आधी भाषांतर, मग दुसऱ्या माणसाकडून त्याचं उलट इंग्रजी, मग दोन्हींची पडताळणी, आणि शेवटी खऱ्या मुलांना विचारून बघायचं, ‘तुला यातून काय कळलं?’

मुलांना बोलू दिलं तर ती काय बोलतात? दक्षिण आफ्रिकेतला न्कोसी जॉन्सन हा ११ वर्षांचा मुलगा जुलै २००० मध्ये डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत हजारो डॉक्टरांसमोर उभा राहिला. रक्ताचे आकडे त्यानं सांगितलेच नाहीत. शाळाप्रवेशावरून झालेला गोंधळ, गेलेल्या आईची आठवण, लोकांनी आम्हाला जवळ घ्यायला घाबरू नये, हे सांगितलं. आणि गरोदर आयांना औषध द्या, अशी सरकारला विनंती केली. १ जून २००१ रोजी तो वारला. तेव्हा तो १२ वर्षांचा होता.

भारतात २०१७ साली कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. एचआयव्हीमुळे शाळेनं प्रवेश नाकारणं आता बेकायदा आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. अशा घरातलं १२ ते १८ वर्षांचं समंजस भावंड धाकट्या भावंडांचं पालक होऊ शकतं, म्हणजे त्यांच्या शाळाप्रवेशापासून औषधोपचारापर्यंत सारं पाहू शकतं. तुमच्याच वयाचं मूल! त्याच्या डोक्यावरचं ओझं मोजणारा प्रश्न त्या २३ मध्ये नाही.

औषधाच्या चवीचाही नाही. बाळांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं एक पातळ औषध इतकं कडू होतं की रोज सकाळ-संध्याकाळ घरात लढाई व्हायची. शिवाय त्यात ४२ टक्के अल्कोहोल! २०२० मध्ये डोल्युटेग्रॅविर या औषधाची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी लहान मुलांसाठी तयार झाली. ती बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स ही कंपनीही आहे. २०२१ मध्ये ती गोळी केनिया, मलावी, युगांडा अशा देशांतल्या मुलांपर्यंत पोचायला लागली.