जागा एक, मागणारे हजार

गणपतीला दोन महिने उरले की मुंबई-ठाण्यातले चाकरमानी सकाळी आठच्या आधीच मोबाइल उघडून बसतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. आठ वाजले की कोकणकन्या, तुतारी, मांडवी या गाड्यांची रत्नागिरीची तिकिटे बघता बघता वेटिंगवर जातात.

अशा आरक्षणामागे असणाऱ्या अवाढव्य डेटाबेसांची तुलना करताना पहिला प्रश्न असतो, माहिती किती टेराबाइट? पण साठवण आता तुलनेने सोपी झाली आहे. एकाच नोंदीवर एकाच क्षणी हजारो जण तुटून पडले, की डेटाबेसची खरी परीक्षा होते. त्यातून रत्नागिरीला रिकामा झालेला बर्थ पुढे मडगावपर्यंत दुसऱ्याला देता येतो. म्हणजे हिशेब नुसत्या बर्थचा नसतो, कुठून कुठपर्यंत याचाही असतो.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडायची कल्पना दिली. ओरॅकल, डीबी२, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस हे सगळे डेटाबेस त्याच घराण्यातले. व्यवहार पुरा होईल किंवा मुळीच होणार नाही, हा त्यांचा नियम. एकजण नोंद बदलत असताना तिला कुलूप लागते आणि दुसरा थांबतो. त्यामुळे एक बर्थ दोघांना विकला जात नाही.

फरक पडतो तो नुसते बघणाऱ्यांच्या बाबतीत. ओरॅकल आणि पोस्टग्रेस त्यांना नोंदीची आधीची प्रत दाखवतात, म्हणून चौकशी करणाऱ्यामुळे तिकीट काढणारा अडत नाही. ओरॅकल या जुन्या प्रती वेगळ्या जागी ठेवतो. पोस्टग्रेस त्या तक्त्यातच ठेवतो, त्यामुळे तिथे वरचेवर सफाई करावी लागते. एसक्यूएल सर्व्हर मूळ मांडणीत वाचतानाही कुलूप लावतो. प्रतींची सोय त्यात २००५ मध्ये आली, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते.

एक यंत्र अपुरे पडले तर? ओरॅकलची एक रचना अनेक यंत्रांना एकाच सामाईक साठ्यावर काम करू देते. दुसरा मार्ग माहितीची वाटणी करण्याचा. फेसबुकमध्ये जन्मलेला आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला कॅसांड्रा हा डेटाबेस नोंदींच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवतो आणि त्यांतले कोणतेही यंत्र नवी नोंद स्वीकारते. एखादे बंद पडले तरी काम चालू राहते. मात्र दोन यंत्रांनी एकच बर्थ दोघांना दिला, तर साध्या वापरात शेवटची नोंद टिकते आणि पहिल्या प्रवाशाची गुपचूप पुसली जाते. यंत्रांमधला संपर्क तुटला की अचूकता किंवा अखंड सेवा यांपैकी एकच पुरती सांभाळता येते, हे संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले आणि दोन वर्षांनी ते गणिताने सिद्धही झाले.

म्हणून एकाच रेल्वेच्या दोन कामांना दोन वेगळे डेटाबेस शोभतात. गाडी चिपळूणला पोहोचली की नाही, ही माहिती अर्धा मिनिट शिळी असली तरी चालते. तिथे विखुरलेली रचना स्वस्त आणि दणकट ठरते. जागावाटपात मात्र थोडा उशीर परवडतो, चूक परवडत नाही. डेटाबेस निवडताना कोट्यवधी नोंदी भरून वेग मोजणे पुरेसे नाही. सगळे ग्राहक एकाच नोंदीवर सोडून बघावेत. जाहिरातीतले आकडे बहुधा तिथेच कोसळतात.