घरचा कंदील आणि त्याचा हिशेब

दसरा सरला की बाजारपेठांतून आकाशकंदिलांच्या रांगा लागतात आणि त्याच सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, शाळांच्या फलकांवरून व महिला मंडळांच्या व्यासपीठांवरून ‘यंदा कंदील घरीच करा, भेटवस्तू स्वतःच्या हातांनी करून द्या’ असा उपदेशही सुरू होतो. उपदेश वाईट नाही. त्यामागे काटकसर आहे, बालपणीच्या दिवाळीची ओढ आहे आणि अलीकडे पर्यावरणाची काळजीही आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हापासून तर कागद, कापड आणि बांबू यांचे गुणगान अधिकच ऐकू येऊ लागले. मात्र हा उपदेश करणारे एक प्रश्न सहसा विचारीत नाहीत. घरी करायचे, ते कोणी आणि कोणत्या वेळात?

कंदिलाचेच उदाहरण घ्यावे. पारंपरिक कंदिलाला लागते ते काय? बांबूच्या कामट्या, त्या बांधायला दोरा, पतंगाच्या कागदाचे काही ताव, घरच्या पिठाची खळ आणि खाली सोडायच्या झिरमिळ्या. कामट्यांची लांबी सारखी नसेल तर सांगाडा एका अंगाला कलतो. खळ पातळ झाली तर कागद भिजून फाटतो आणि दाट झाली तर वाळताना आक्रसतो. साहित्याचा खर्च दुकानातील तयार कंदिलाच्या मानाने किरकोळच असतो; म्हणूनच घरचा कंदील स्वस्त पडतो असे सरसकट म्हटले जाते. पण नवशिक्या हातांना त्यासाठी दोन-तीन संध्याकाळी खर्ची घालाव्या लागतात. त्या वेळात दुसरे जे करता आले असते त्याचा त्याग, म्हणजे ज्याला अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वैकल्पिक खर्च म्हणतात तो, हिशेबात धरला तर घरचा कंदील बहुधा बाजारच्या कंदिलाहून महाग ठरेल.

हा निष्कर्ष तर्कशुद्ध आहे आणि तरीही तो पटत नाही. त्याचे कारण असे की, कामट्या बांधणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ते काम वाटतच नाही. कंदील करणे हाच त्याचा आनंद. तयार झालेला कंदील ही वरकड कमाई. उलट, कार्यालयातून सात वाजता घरी परतून ओट्याशी उभी राहणाऱ्या स्त्रीला चकलीचा तिसरा घाणा तळताना असा आनंद होतोच असे नाही. दोघेही हातानेच काहीतरी घडवीत असतात आणि दोघांचाही वेळ विनामोबदला जातो. पण त्या मुलाला कंटाळा आला तर तो अर्धा कंदील कोपऱ्यात टाकून खेळायला पळू शकतो. भाजलेले बेसन कढईत टाकून उठून जाण्याची मुभा त्याच्या आईला नसते. छंद आणि श्रम यांतली सीमारेषा हातातल्या वस्तूवर अवलंबून नसते, ‘नको’ म्हणण्याच्या या मुभेवर अवलंबून असते.

अर्थशास्त्राने या बाबतीत स्वतःची सोय पाहिली आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशीच विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात नोंदवली होती. काम तेच, करणारी तीच. फक्त पगार थांबला म्हणून ते मोजमापातून नाहीसे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने रूढ झालेल्या राष्ट्रीय लेखापद्धतीत कुटुंबाने स्वतःसाठी निर्माण केलेल्या वस्तूंना तत्त्वतः तरी जागा आहे. स्वतःच्या घरातील स्वयंपाक, झाडलोट, मुलांचे संगोपन या सेवांना मात्र नाही. म्हणजे तत्त्वाचा आग्रहच धरायचा तर कंदील उत्पादनात बसतो आणि करंजी बाहेर राहते! अर्थात प्रत्यक्षात दोन्हीही मोजले जात नाहीत. शेजारच्या बचत गटाकडून तीच करंजी विकत आणली की मात्र ती तत्काळ आर्थिक व्यवहार ठरते.

रुपयांत मोजली न गेलेली ही मेहनत निदान मिनिटांत तरी मोजली गेली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत, घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात असे आढळले. ही सरासरी फक्त असे काम करणाऱ्यांची आहे, हे ध्यानात घ्यावे. पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या. पुरुष अवघे २६. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ पर्यंत खाली आली, तर पुरुषांची ८८ पर्यंत. ही आकडेवारी वर्षभराची सरासरी आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्याची वेगळी पाहणी झाली तर चित्र कसे दिसेल, हे सांगायला सांख्यिकी तज्ज्ञाची गरज नाही.

जुन्या मराठी घरात दिवाळीच्या कामांची एक अलिखित वाटणी होती. भाजणी, चकली, अनारसे, रांगोळी आणि उटणे बायकांकडे. कंदील, किल्ला आणि दिव्यांची तारा-वायरींची उठाठेव पुरुषांकडे व मुलांकडे. वाटणी समान नव्हतीच. पहिल्या यादीत आठवड्याचे काम होते, दुसरीत दोन दिवसांची हौस. तरीही पुरुषाचे हात दिवाळीला लागत होते, एवढे मान्य करावे लागेल. बाजाराने ही दोन्ही कामे घरातून उचलायला सुरुवात केली, पण सारख्या प्रमाणात नाही. कंदील अनेक घरांतून पूर्णपणे बाहेर गेला, कारण विकतचा कंदील आणल्याबद्दल कोणी कोणाला नाव ठेवत नाही. अंगणातला किल्लाही त्याच वाटेने निघाला आहे. दगडविटांवर गोणपाट आणि चिखल थापून, वर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहण्याऐवजी प्लॅस्टरचा तयार किल्ला रिक्षात घालून आणता येतो. जुलै २०२५ मध्ये शिवकालाशी निगडित १२ दुर्गांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण बुरूज का ढासळतो हे चिखलात हात घालून शिकणारी पिढी त्याच वेळी रोडावत आहे. फराळाचे तसे झाले नाही. विकतचा फराळ सर्रास मिळतो आणि खपतोही. तरी ‘घरचा आहे ना?’ हा प्रश्न पाहुण्याच्या तोंडी अजून आहे आणि तो घरच्या बाईलाच विचारला जातो. पुरुषांनी आपला वाटा बाजाराला देऊन हात मोकळे करून घेतले. स्त्रीने तेच केले तर तिला खुलासा द्यावा लागतो.

अशा परिस्थितीत ‘सारे घरी करा’ असा सरसकट आग्रह धरणे म्हणजे २८९ मिनिटांत आणखी भर घालणे होय. भेटवस्तूंचेही तेच. भाऊबिजेला स्वतः विणलेला रुमाल, कागदी फुलांचे तोरण, रंगवलेल्या पणत्या हे सुंदर खरे, पण विणणारे हात बहुधा तेच, जे आधीच गुंतलेले असतात.

मग हाताने केलेल्या भेटीला काही आर्थिक अर्थच नाही काय? आहे, आणि तो एका अमेरिकी अभ्यासातून उलट बाजूने दिसतो. जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटवस्तूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. भेट स्वीकारणाऱ्याला त्या वस्तूचे जे मोल वाटते ते तिच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी असते, म्हणजे तेवढा पैसा वाया जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र हे मोल सांगताना विद्यार्थ्यांनी त्या वस्तूत गुंतलेली भावना वगळावी, अशी अट होती. भावना वगळली तर भेटीत उरते काय, असा प्रश्न आपल्याकडची कोणतीही आजी विचारील. नोव्हेंबर १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहासाठी गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे, मध्ये ‘जय हिंद’ विणलेले एक वस्त्र पाठवले. बाजारभावाने त्याची किंमत काही आण्यांची किंवा रुपयांची झाली असती. ज्याच्या वेळेवर साऱ्या देशाचा हक्क होता, त्याने त्यातला थोडा वेळ एका नवविवाहितेला दिला होता. भेटीचे मोल ठरते ते देणाऱ्याने आपखुशीने खर्चिलेल्या वेळावरून. जो वेळ धरूनच चाललेला असतो, ज्याची कोणी दखल घेत नाही, तो दिला काय आणि न दिला काय, घेणाऱ्याला सारखेच भासते. घरच्या फराळाची ही शोकांतिका आहे.

विकतचे म्हणजे यंत्राचे, हा समजही सोडून द्यायला हवा. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी टांगलेले कागदी आणि बांबूचे कंदील आसपासच्या रहिवाशांनी हातांनीच केलेले असतात. मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राच्या राख्या आदिवासी कारागिरांच्या बोटांतून उतरतात. ज्याला घरी वेळ नाही त्याने अशा ठिकाणाहून खरेदी करण्यात कमीपणा नाही. उलट तिथे हाताच्या कामाला दाम मिळतो, जो घरात कधीच मिळत नाही. घासाघीस मात्र तिथेच सर्वाधिक होते, हाही मध्यमवर्गीयांचा एक विशेष.

राहिला मुलांचा प्रश्न, आणि खरी काळजी तीच आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली, कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे नाव दिले. नावे बदलत गेली आणि तास आक्रसत गेला. आज कार्यानुभवाचा कंदील कित्येक घरांत रात्री अकरा वाजता आईच करते किंवा वडील दुकानातून आणतात. त्याला गुण मिळतात विद्यार्थ्याच्या नावाने. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून शिकण्याची तरतूद आहे. त्यातला एक दिवस दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर घ्यायला कोणत्याही शाळेला अडचण नसावी. बुरुडाला मानधन देऊन बोलवावे, कामट्या तासणे मुलामुलींनी शाळेतच शिकावे आणि कंदील तिथेच पुरा करावा. घरी काहीही पाठवू नये. मदतीला पालक हवे असतील तर निमंत्रणपत्रिका वडिलांच्या नावाने काढावी. आयांची त्या दिवशी बहुधा भाजणी दळून आणायची असते.