खरी गोम पाइपात

मराठवाड्यातल्या दुष्काळात रात्रभर धडधडणाऱ्या बोअरच्या गाड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना नंबरप्लेटवरचं ‘टीएन’ आठवत असेल. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे म्हणजे या गाड्यांचं माहेर. तिथून तंजावर काही तासांवर. त्यामुळे तंजावरात घर बांधणाऱ्याला वाटतं, गाडी दारातच आहे, काळजी कसली! धंद्यातली माणसं इथेच गालात हसतात.

ती गाडी दगडाची. कॉम्प्रेसरच्या हवेवर हातोडा चालतो, खडकाचा भुगा वर उडतो. महाराष्ट्रात मुरमापुरतं केसिंग घातलं की खालचा काळा पाषाण आपला आपण उभा राहतो. तंजावरच्या उत्तरेला आणि पूर्वेला मात्र कावेरीचा गाळ. वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू. तिथे लागतं रोटरी मशीन. भोकात गढूळ पाणी सतत फिरतं ठेवायचं, त्याच्या दाबाने कड ढासळत नाही. मग तळापर्यंत केसिंग, वाळूच्या थरासमोर खाचांचा पाइप, भोवती बारीक खडी. दक्षिणेला वल्लमकडे तांबडी जांभ्याची जमीन, तिथला हिशोब निराळा.

म्हणजे पैसा खोदाईत कमी, पाइपात जास्त. गिऱ्हाईक फुटाच्या दरावर घासाघीस करतं, बोअरवाला हसत दहा रुपये सोडतो आणि पाइपात वसूल करतो. ढिगाच्या वर जाड पाइप, खाली पातळ, ही जुनी युक्ती. म्हणून प्रत्येक पाइपवर आयएस 12818 छापलंय का ते पाहावं आणि कडेची जाडी तपासावी, तीही तो खाली उतरण्याआधी.

दुसरी युक्ती रात्रीची. मालक झोपला की खोली वाढते, निदान बिलात तरी! तिथल्या एका मराठी घरातल्या आजींचा किस्सा बोअरवाले स्वतःच सांगतात. आजी ओसरीवर बसून होत्या. रॉड उतरला की पिठाचा एक ठिपका. सकाळी बिल आलं 220 फुटांचं. रॉड वीस फुटी, ठिपके नऊ. ‘तंबी, उरलेले दोन रॉड कुठे गेले?’ एवढंच त्यांनी विचारलं. बिल 180 वर आलं.

चांगला बोअरवाला कसा ओळखायचा? तो निघालेल्या मातीचे छोटे ढीग ओळीने मांडून ठेवतो आणि ते पाहिल्याशिवाय खाचांचा पाइप कुठे बसवायचा हे सांगत नाही. माती बघायच्या आधीच खोलीचा आकडा ठोकून देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. (पाणाड्यालाही, पण तो घरच्यांच्या श्रद्धेचा विषय, आपण काय बोलणार!) समुद्राकडच्या तालुक्यांत खारं पाणी लागण्याची भीती असते. तिथे भोकात विजेची तपासणी करून गोड थर शोधतात. राज्याच्या कृषी अभियांत्रिकी खात्याकडे ती यंत्रं आहेत.

शेवटचा हप्ता पाणी नितळ येईपर्यंत देऊ नये. बोअर धुण्याचं काम कंटाळवाणं, त्यामुळे पुष्कळ जण ते उरकतात; मग पंपातून वाळू येते आणि पंप झिजतो.

आणि बोअर कोरडा गेला तर? ऑक्टोबर 2019 मध्ये शेजारच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यात मणप्पारैजवळ दोन वर्षांचा मुलगा अशाच सोडून दिलेल्या बोअरमध्ये पडला. सुटकेचे प्रयत्न चार दिवस चालले, तो वाचला नाही. असे बोअर तळापासून वरपर्यंत बुजवावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं होतं. ते काम आणि त्याचा खर्च कुणाचा, हे गाडी अंगणात येण्याआधी कागदावर लिहून घ्यावं.